गुडघ्याच्या उंचीवर

उणे एकवीस.
लिएक्साच्या लाकूडगिरणीत सकाळचे सहा,
आणि माझं मॉडेल उठायला तयार नाही.

काल रात्री योएन्सूमध्ये, माझ्या टेबलावर,
ते फळीमागून फळी ओळखत होतं:
ही जिवंत गाठ, ही मेलेली,
ही राळेची थैली, ही नुसती सावली.
इथे करवतीशेजारच्या लोखंडी कपाटात
त्याच फायली, तीच वजनं,
एक आकडा इकडचा तिकडे नाही,
तरी एकच ओळ, पुन्हा पुन्हा:
अमुक लायब्ररी सापडत नाही.

हसू आलं, खरं सांगते.
मागतंय काय, तर पडद्यावर चित्र काढणारी लायब्ररी!
या पेटीला पडदाच नाही.
ती जन्मभर भुशात डोकं खुपसून बसणार,
कोणाला काही दाखवणार नाही.
पण फोटो वाचणारा तिचा जो सोबती,
त्याने कधीकाळी कोणाकडून काही उसनं घेतलं,
आणि ते अजून फिटलेलं नाही.

माझ्या लॅपटॉपवर ती होतीच.
कधी आली, कोणाचं बोट धरून आली,
मी विचारलं नव्हतं.
घरात मीठ असतं, तशी होती.

गिरणीच्या सर्व्हरला इंटरनेट नाही.
'मुद्दाम नाही,' सेइया म्हणाली,
आणि चावी देऊन शिफ्टवर गेली.
मग पेनड्राइव्ह, गाडी, बर्फ खरवडणं,
अकरा किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपाचं वायफाय.
एक पॅकेज आणलं, तर त्याला धाकटा भाऊ हवा.
धाकट्याला मावशी हवी,
मावशी हवी ती त्याच सालची,
नव्या सालची चालायची नाही.
एका नवऱ्यामागे सगळं वऱ्हाड,
आणि मी एकटी, फेऱ्या मारत.

दुसऱ्या फेरीनंतर ओइवा आला.
ज्याच्या डोळ्यांवरून हे शिकलं, तो.
एकतीस वर्षं त्याने फळ्या पारखल्या,
मागची दोन वर्षं, माझ्यासाठी, बटणं दाबत.
'काय बिघडलं?'
'बिघडलं काहीच नाही. काहीतरी नाहीये.'

तो बराच वेळ कॉफी पीत राहिला.
मग म्हणाला,
'नवी शेड बांधली तेव्हा छतभर ट्यूबलाइट लावल्या.
दिवसासारखा उजेड.
आणि मला गाठी दिसेनात.
डॉक्टरकडे पाठवलं, चष्म्याचा नंबर तोच.
पंधरा दिवस चुकीच्या फळ्या जहाजावर चढल्या.
मग आठवलं, जुन्या शेडमध्ये
डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर,
एक दिवा असायचा. तिरपा.
कोणी लावला, देव जाणे.
भंगारातून शोधून आणला.'
कप उपडा घातला.
'नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, नजर उत्तम.
दिव्याचं कुठे लिहिलं होतं?'

तिसरी फेरी.
एक वाजून चाळीस मिनिटांनी
काळ्या खिडकीत ओळी सरकल्या, थांबल्या नाहीत.
पट्ट्यावरून पहिली फळी आली,
स्प्रूसची, कडेला बर्फाचा काजळासारखा बारीक काठ:
दोन गाठी जिवंत, एक मेलेली.
ओइवाने मान हलवली,
म्हणजे होय, किंवा मान अवघडली असेल.

मी यादी लिहायला घेतली,
पुढच्या बिचाऱ्यासाठी.
एकेका पॅकेजचं नाव, आवृत्ती,
आणि शेजारी, ते का लागतं.
चौथ्या ओळीशी लिहिलं:
'पडदा नाही, तरीही लागते. काढू नका.'

मग सहज कॅमेऱ्याखाली नजर गेली.
डावीकडे, गुडघ्याशी,
भुशाने माखलेला एक दिवा जळत होता.
माझे सगळे फोटो, साठ हजार फळ्या,
याच उजेडात काढलेले.

यादीच्या तळाशी एक ओळ वाढवली,
जी कुठलंही यंत्र वाचणार नाही:
'डाव्या हाताचा दिवा. विझवू नये.'

ओइवाने खांद्यावरून वाचलं.
'चाळीस वॅटचा,' म्हणाला.
'तेही लिही.'